कान नसलेला फोन

आमच्या घरात भांडायला विषयांचा दुष्काळ कधीच नव्हता. म्हशीपुढे चारा कोणी टाकायचा, पाण्याची मोटर चालू कोणी ठेवली, धाकट्या जावेने दिलेली साडी मी नेसत का नाही, काय वाटेल ते चालायचं. पण मागच्या दिवाळीपासून या श्रावणापर्यंत आम्ही जे भांडलो ते फोनच्या एका भोकावरून. कोणाला सांगितलं तर हसतील. मी स्वतः किती हसले होते.

फोन सासूबाईंचा. माझा दीर जळगावला मेहरूणमध्ये राहतो, नोकरीवाला माणूस. दिवाळीला आला तेव्हा आईसाठी नवाकोरा फोन घेऊन आला. आम्ही धुळ्याच्या अलीकडे, पांझरेकाठच्या गावात राहतो. मी, आमचे हे, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासूबाई. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणते. एवढा भारी फोन आमच्या घरात आधी कोणाकडेच नव्हता. अक्कांनी तो पदराने पुसून पुसून गल्लीभर दाखवला. संध्याकाळी त्यांनी डब्यातून आपली कानात घालायची वायर काढली आणि फोन उलटासुलटा करून तिचं भोक शोधायला लागल्या. भोक नव्हतंच. चार्जिंगचं एक होतं, त्यात त्या वायरीचं टोक जाईना.

"याले कानच नही," त्या म्हणाल्या, आणि फोन मांडीवर ठेवून दिला.

आता ती वायर त्यांना एवढी का लागायची ते सांगते. अक्कांना डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही, उजव्याने थोडंफार येतं. लिहिता-वाचता येत नाही. त्यामुळे दीर त्यांना जुन्या फोनवर बोलून निरोप पाठवायचा, आणि त्या वायर कानात खुपसून ओट्यावर बसून ऐकायच्या. एकच निरोप परत परत लावायच्या, डोळे मिटून. मग फोन तोंडाजवळ धरून हळू आवाजात काहीतरी बोलायच्या आणि पाठवायच्या. एरवी ज्या बाईचा आवाज नदीपलीकडच्या शेतात जातो, ती फोनमध्ये मात्र कुजबुजायची. माझं डोकं फिरायचं. चहा झाला म्हणून हाक मारली तर ओ नाही, दारात माणूस येऊन उभा राहिला तर पत्ता नाही. आणि माझं मन म्हणायचं, हे माझंच चाललंय. मोठी सून असं बोलली, मोठीने तसं केलं. मी त्यांना कधी उपाशी ठेवलं नाही, पण माझ्या जिभेला हाड नाही हे मी स्वतःच सांगते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तर भोक नसलेला फोन आला आणि घरात दोन पक्ष पडले. मुलगी म्हणायची, आता सगळे चांगले फोन असेच येतात, भोक नसलं की पाणी आत जात नाही, फोन बारीक होतो, वायरीचा गुंता जातो. आमचे हे म्हणायचे, हा सगळा कंपन्यांचा कावा आहे, आधी भोक बुजवायचं आणि मग कानात घालायच्या गोळ्या विकायच्या, आपल्या चालत्या गाड्याची खीळ काढून घ्यायची आणि वर म्हणायचं बघा गाडा किती हलका झाला. जेवताना बापलेकीचं हे इतकं चालायचं की भाकरी थंड व्हायची. मी मुलीच्या बाजूने होते. मला पाण्याचं आणि बारीकपणाचं काय पडलं होतं? वायर गेली याचाच मला आनंद होता, आणि तो मी लपवला नाही. बरं झालं, म्हटलं, आता निदान हाक मारली तर ऐकू येईल.

दिराने मग त्या बिनवायरीच्या गोळ्याही पाठवल्या, पांढऱ्या, छोट्या डबीतल्या. अक्कांच्या कानात त्या ठरेनात. कानाची पाळी दागिन्यांनी ओघळलेली, त्यात त्या गोळीने कुठे धरायचं? एक दिवस वाकून म्हशीला कडबा टाकताना उजवीकडची गोळी गव्हाणीत पडली. आम्ही सगळ्यांनी कडबा उपसला, शेण चिवडलं, ती काही सापडली नाही. गल्लीत पुढे कितीतरी दिवस म्हशीला फोन येतो की नाही याची चौकशी चालली होती. मुलीने सांगितलं, एक छोटा जोड मिळतो, तो चार्जिंगच्या भोकात घातला की जुनी वायर चालते. अक्का लगेच माझ्याकडे बघायला लागल्या, कारण धुळ्याला बाजाराला मीच जाते. मी तिथेच म्हणाले, एवढ्या भारी फोनला ते शेपूट कशाला लावायचं? स्पीकरवर लावा ना, घरात काय परकी माणसं आहेत? अक्कांनी वायर परत डब्यात ठेवून दिली.

मग निरोप स्पीकरवर वाजायला लागले. मी चुलीपाशी बसून कान टवकारायचे. काय असायचं त्यात? पोराची परीक्षा झाली, इकडे पाऊस नाही, औषध वेळेवर घे, काळजी घे. दीर जळगावला गेल्यापासून आईशीही शुद्ध बोलतो, ऑफिसात बोलल्यासारखं. त्यात माझं नाव नाही, गाव नाही. मी थोडी निराशच झाले. आणि अक्का उत्तर द्यायची वेळ आली की फोन घेऊन गोठ्यामागे जायच्या. ऐकायलाही पुढे पुढे तिकडेच जायला लागल्या. उन्हात, चिलटांत, म्हशीच्या अंगाला अंग लावून उभ्या. मी मुलीला म्हणायचे, बघ, तुझी आजी माझी गाऱ्हाणी म्हशीसमोर सांगते पण आपल्यासमोर नाही.

गावात मात्र त्या एक गोष्ट सगळ्यांना सांगायच्या. धाकटा मला जळगावला बोलावतो, रोज बोलावतो, मीच जात नाही. भाजीवालीला, नदीवर, लग्नात, दवाखान्यात, सगळीकडे. मला ते झोंबायचं. म्हणजे इथे मी राबते आणि कौतुक त्याचं. एकदा रागाच्या भरात मी म्हणाले, रोज बोलावतात तर एकदा जाऊनच या ना, त्यांनाही कळू द्या आई सांभाळणं म्हणजे काय असतं. अक्का शांतपणे म्हणाल्या, कानबाई झाली की जासू.

कानबाई म्हणजे आमच्या खान्देशातली घरोघरची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते आणि सोमवारी सकाळी नदीवर जाते. एक रात्र राहते, पण तिच्यासाठी सुरत, नाशिक, कुठे कुठे पांगलेली सगळी भाऊबंदकी गावात येते. घराला रंग, भांड्यांना घासणी, नैवेद्याच्या रोटांचा गहू वेगळा धुऊन वाळवायचा, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, पुरणाचे दिवे, बाईमाणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते. यंदा अक्कांनी त्या धांदलीत स्वतःची पिशवीही भरली. दोन लुगडी, स्वेटर, जपमाळ, नातवासाठी लाडू. पिशवी त्यांनी मधल्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी खुंटीला टांगली. धाकटा सोमवारी सकाळी गाडी घेऊन येतो, विसर्जन झालं की मी त्याच्याबरोबर जाते, हे त्यांनी आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगितलं. भाऊबंद म्हणाले, नशीबवान आहात अक्का. मी पुरण वाटत होते. मी पाट्यावर वरवंटा जरा जास्तच जोरात घासला.

रविवारी देवी बसली. गाणी लावायला मुलीने ओट्यावर मोठा स्पीकर ठेवला आणि घरातला चांगला फोन म्हणून अक्कांचाच फोन त्याला जोडला. जोडला म्हणजे काय, वायर नाहीच, नुसतं बोट फिरवलं आणि झालं. गल्लीत आणखी दोन घरी कानबाई होती, त्यांचेही स्पीकर होते, नुसता कल्ला. सोमवारी सकाळी आरतीसाठी आमची गाणी बंद केली. आरती झाली, अंगणात सगळी भाऊबंदकी उभी होती, ढोलवाले आले होते. सगळे दिराची वाट बघत होते. मुलीने फोन अक्कांच्या हातात परत दिला, धाकट्या काकाचा निरोप आलाय म्हणाली. अक्का फोन घेऊन आत गेल्या, मागच्या खोलीत, गर्दीपासून लांब. वायर असती तर कोणालाही दिसलं असतं की फोन अजून कशाला बांधलेला आहे. बिनवायरीचं काय दिसणार?

आणि ओट्यावरचा स्पीकर दिराच्या आवाजात बोलायला लागला.

"आई, तू दर वेळी तेच काय लावलंयस? मी शेवटचं सांगतो. इथे तुला ठेवायला जागा नाही. पिशवी भरून बसू नकोस, मी आज येत नाहीये. तिथे दादा-वहिनी आहेत, त्यांच्याशी जुळवून घे. आणि मी बोलावतो असं सगळ्यांना सांगत फिरू नकोस, मला लोक विचारतात."

ढोलवाल्याने टिपरू उचललं होतं ते तसंच राहिलं. मला वाटलं संपलं, तर तो परत पहिल्यापासून सुरू झाला. आई, तू दर वेळी तेच काय लावलंयस. मुलगी स्पीकरकडे धावली, तिला बटण सापडेना. आमचे हे खाली बघत उभे होते. तो तिसऱ्यांदा सुरू झाला तेव्हा मी आत पळाले.

अक्का मागच्या खोलीत धान्याच्या कोठीला टेकून उभ्या होत्या. फोन उजव्या कानाला घट्ट दाबलेला, आणि बोट काचेवर. फोनमधून आवाज येत नव्हता म्हणून त्या परत परत तोच निरोप दाबत होत्या. बाहेर जे चाललं होतं ते त्यांना शेजारच्या स्पीकरांसारखाच गलबलाट वाटलं असणार. मला बघून म्हणाल्या, हा बिघडला वाटतं, आवाजच येत नाही, बघ बरं काय म्हणतो तो, निघाला का?

सगळ्या भाऊबंदकीने ऐकलं होतं आणि फक्त त्यांनी ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, काम निघालं म्हणतात, आज जमत नाही. अक्कांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, लाव. मी म्हटलं, नंतर ऐका, देवी खोळंबली. त्यांनी हात मागे घेतला नाही. तोवर मुलीने स्पीकर बंद केला होता. मी निरोप लावला आणि आता तो फोनमधूनच, जसा वाजायला हवा तसा, वाजला.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. त्यांच्या चेहऱ्यावर मला काहीच दिसलं नाही, आणि त्यावरूनच कळलं की हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलेलं नाही. गोठ्यामागे त्या हेच ऐकत होत्या. आणि उलट एकच मागत होत्या. मला घेऊन जा, एवढंच. माझी चहाडी कुठे होती? एवढे महिने मी भिंतीला कान लावून माझं नाव शोधत होते आणि ती बाई हळू आवाजात, कोणाला कळू नये म्हणून, माझ्या घरातून सुटका मागत होती. मला इतकी लाज वाटली की मला त्यांच्याकडे बघवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मी उलट दोन दिल्या असत्या.

दाराशी चुलतसासू आणि दोघी-तिघी बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं, एकेकीच्या तोंडाकडे, आणि मग मला विचारलं, "बठ्ठासनी ऐकं का?"

मी मान हलवली. सगळ्यांनीच ऐकलं होतं, खोटं बोलून उपयोग नव्हता.

चुलतसासू घाईघाईने म्हणाली, चला अक्का, उशीर होतोय, उचला देवीला. आमच्या घरची रीत अशी की नदीवर जाताना कानबाईचा पाट घरातल्या मोठ्या बाईने डोक्यावर घ्यायचा. इतर घरांत सवाष्णच लागते. सासरे गेले त्या वर्षी भाऊबंदकीत कुजबुज सुरू झाली होती, आता अक्कांनी कसा घ्यायचा म्हणून. अक्कांनी कोणाला विचारलं नाही. आंघोळ करून आल्या, पदर खोचला आणि सगळ्यांसमोर पाट उचलून चालायला लागल्या. त्यानंतर कोणाची विचारायची हिंमत झाली नाही. मी या घरात आले तेव्हापासून त्यांच्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन चालते आहे. आणि खरं सांगायचं तर तो पाट मला हवा होता. रोट मी करायचे, घर मी सारवायचं, रंगवायचं, आणि डोक्यावर देवी त्यांच्या, ओवाळणार त्यांना, पाया पडणार त्यांच्या. कितीदा वाटलं होतं की आता बस झालं, आता मला द्या.

अक्का देवीपुढे आल्या. नमस्कार केला. मग बाजूला सरकल्या आणि मला म्हणाल्या, "तू उचल."

मी नको नको म्हणाले. ते काही मनापासूनचं नको नव्हतं असं कोणाला वाटू नये म्हणून सांगते, त्या क्षणी खरोखर नको होतं. आमचे हे त्या सकाळी पहिल्यांदा बोलले, आई, तूच घे. अक्का म्हणाल्या, मले आते जमत नही. आणि त्यांनीच माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली, सारखी केली, दोघींनी पाट उचलून वर ठेवला. माझ्यामागे तांब्या घेऊन त्या चालायला लागल्या. माझ्या जागेवर.

ढोल सुरू झाले. मला ते ऐकू येत होते की नाही कोण जाणे. प्रत्येक दारात थांबायचं असतं, बायका पायावर पाणी घालतात, ओवाळतात, पाया पडतात. पाया पडणारी वर बघताना आधी माझ्याकडे बघायची आणि मग माझ्या मागे, अक्कांकडे. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना कळलेलं होतं. एरवी माझी जीभ अशी की कोणी वाकडं बघितलं तर तिथेच उत्तर मिळतं, आणि आज मी नुसती पाट धरून पुढच्या दारात जात होते. मला मागे वळून अक्कांना म्हणायचं होतं की पाट घ्या, मला नको हा. पण डोक्यावर देवी घेऊन मागे वळता येत नाही.

पांझरेला पाणी बेताचंच होतं. वाळूत गर्दी झाली होती, वरच्या आळीच्या कानबाया आधीच आल्या होत्या. वरच्या आळीतली एक म्हातारी अक्कांची जुनी मैत्रीण, दोघी एकाच वर्षी या गावात लग्न होऊन आलेल्या. आमच्या गल्लीत काय झालं ते तिच्यापर्यंत पोहोचलेलं नव्हतं. ती हसत पुढे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं अक्कांना म्हणाली, काय मग, आज चाललीस ना लेकाकडे, गाडी आली का?

मला राहवलं नाही. मी पाट सावरत मोठ्याने म्हणाले की दीर बोलावतात हो, पण मीच पाठवत नाही, कानबाईचा पसारा आवरल्याशिवाय अक्कांना कशी पाठवू, माझं कसं निभेल? डोक्यावर देवी असताना मी खोटं बोलले आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, निदान एवढं तरी मी करू शकते. वाईट म्हणायचं तर मला म्हणा, सून आडवी येते म्हणा.

अक्का माझ्या मागून पुढे आल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. म्हातारीचा हात हातात घेतला आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात, नदीपलीकडे जाणाऱ्या आवाजात, म्हणाल्या,

"नही वं बहीण. त्यानी बलायं नही. हाई ठेवस मले, म्हनीसन शे मी."

त्याने बोलावलं नाही, ही ठेवते म्हणून मी आहे. ज्या घराच्या भिंती त्यांनी सासऱ्यांबरोबर मातीची घमेली वाहून उभ्या केल्या, ज्या घराच्या उंबऱ्यावर मी नवरी म्हणून आले तेव्हा माप ओलांड म्हणून त्यांनीच मला सांगितलं, त्या घरात मी त्यांना ठेवते. घर कोणाच्या जिवावर चालतं हे त्यांनी एकदा तरी सगळ्यांसमोर म्हणावं असं मला इतकी वर्षं वाटत होतं. त्यांनी म्हटलं. वाळूवर उभ्या सगळ्या बायकांनी ऐकलं, आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला मान खाली घालायची होती. डोक्यावर पाट होता. देवी उतरवेपर्यंत मला त्या सगळ्यांकडे सरळ बघत उभं राहावं लागलं.